भूकंप आला तेव्हा सर गप्प होते

तमाम नाट्यरसिक मायबाप जनतेस, तसेच चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतल्या लहानथोरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मागे एका हिवाळ्यात, सकाळी साडेसातच्या सुमारास, आपल्या सर्वांच्या पायाखालची जमीन काही क्षण हलली होती. गोदावरीपलीकडे, तेलंगणाच्या जंगलात खोलवर काहीतरी सरकलं आणि त्याचा निरोप आपल्या घरातल्या भांड्यांपर्यंत आला. वर्तमानपत्रांनी बातमी दिली, टीव्हीवाल्यांनी हलणारे पंखे दाखवले. परंतु या प्रसंगातली सर्वांत महत्त्वाची बाब कोणीही छापली नाही. ती अशी की, या दोन जिल्ह्यांत मिळून जो एकमेव माणूस आयुष्यभर त्या भूकंपाची वाट पाहत बसला होता, त्याला त्या सकाळी भूकंप हा शब्द तोंडातून काढायला मनाई होती. शपथेवर.

ही उणीव भरून काढणं माझ्याकडे आलं, कारण घटना घडली तेव्हा मी रंगमंचावर होतो. अंगात खलनायकाचा कोट, ओठांवर चिकटवलेली मिशी, हातात लाकडी बंदूक. याहून विश्वासार्ह साक्षीदार कुठून आणणार?

तो माणूस म्हणजे सर. वडशाच्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, मी मराठी. त्यांना भूगोलातला एकच धडा मनापासून आवडायचा. नद्या, पिकं, वारे हे सगळं ते पाव्हण्यांना चहा विचारावा तसं उरकायचे, आणि भूकंपाचा धडा आला की बाह्या सरसावायचे. बाह्या सरसावायच्या त्या बाक ओढण्यासाठी. तिघांचा एक बाक ते वर्गाच्या मध्यभागी ओढायचे आणि त्यावर पाच पोरं कोंबायचे.

"आता सांगा," सर म्हणायचे, "मधल्यानं कूस बदलली त काय होईन?"

"भांडण होईन, सर."

"त्याच्या आंधी?"

मधला पोरगा कूस बदलायचा. त्याच्या डावीकडचा दबायचा, तो आपल्या डावीकडच्याला दाबायचा, आणि अगदी टोकावर अर्धा हवेत बसलेला जो असेल तो धपकन फरशीवर पडायचा. उजवीकडच्या दोघांना मात्र उलट ऐसपैस व्हायचं. ते पाय पसरून हसायला लागायचे.

"पाहा," सर म्हणायचे. "मोठा भूकंप असाच असते. एका जागची जमीन सरकली की बाजूच्या भेगांवरचा भार बदलते. कुठी कमी होते, तिथलं काही दिवस निवांत. कुठी वाढते. आणि ज्या भेगेचं आंधीच भरत आलं असते, थे सुटते. कधी घटकेभरानं, कधी वर्षांनी. धक्का देणारा साऱ्याले दिसते. कडेवर टेकलेला कोणालेच दिसत नाई."

एकदा टोकावरच्या पोराचा दात पडण्यात हलला. त्याचा बाप दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन उभा राहिला. सरांनी शांतपणे सांगितलं की दात आधीपासूनच हलत होता आणि हेच तर ते वर्गात समजावून सांगत होते. बापानं दाताचं राहू दिलं आणि विचारलं, "पण सर, आपल्या इथी भूकंप येते काऊन शिकवता? आपल्या इथी वाघ येते. आता त हत्तीबी येऊन राह्यले. भूकंप कायले येईन?"

"येईनच असं नाई," सर म्हणाले. "येऊ शकते."

हे 'येऊ शकते' त्यांचं दुर्दैव होतं. लोकांना एक तर येणार हवं असतं, नाहीतर येणार नाही हवं असतं. एका सरपंचांनी त्यांना भर पानठेल्यावर तारीख मागितली होती. सर म्हणाले, तारीख कोणीच सांगू शकत नाही, जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. सरपंचांनी तो सल्ला ताबडतोब अमलात आणला आणि सरांवर विश्वास ठेवणं सोडलं.

सरांचं घर रेल्वेलाईनच्या बाजूला होतं. त्यांच्या कपाटावर पितळेची परात, परातीत स्टीलचा गिलास उलटा, आणि त्या गिलासावर दुसरा गिलास कसाबसा तोललेला. जमीन हलली की वरचा गिलास परातीत पडणार आणि घर जागं होणार, अशी ती योजना. योजनेत खोट एवढीच होती की गिलासाला मालगाडी आणि भूकंप यातला फरक कळत नसे. पॅसेंजर गाड्यांच्या वेळा सरांना पाठ होत्या, त्यामुळे त्या वेळी गिलास पडला तरी ते हातातला घास खाली ठेवत नसत. पण मालगाडीला वेळापत्रक नसतं. म्हणून दर मालगाडीला सर उठून अंगणात जायचे, आणि त्यांच्यामागे त्यांची मुलगी. लहान होती तेव्हा ती काखेत मांजर घेऊन पळायची. मोठी झाल्यावर मांजर पळायला तयार नसे, ती मात्र निघायची.

सरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, बसल्या जागेवरून हलायच्या नाहीत. मला म्हणायच्या, "भाऊजी, इतके वर्षं झाले. गिलास पडला त गाडीनंच पडला. एक दिवस खरंच येईन, तं हे पॅसेंजर समजून झोपून राह्यतीन."

मी हसायचो. सर हसायचे नाहीत. तुर्कस्तानात पहाटे एक प्रचंड भूकंप झाला आणि त्याच दिवशी दुपारी बाजूच्याच भेगेवर दुसरा, तेव्हा मला वाटलं होतं सर आता पेढे वाटतील, इतकं त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं. ते डबा न उघडता स्टाफरूममध्ये बसून राहिले. पहिल्या धक्क्यातून वाचलेले कितीतरी लोक सामान काढायला घरात परत गेले असतील, एवढंच म्हणाले. त्यांनी त्या आठवड्यात बाक वापरला नाही.

आता लेकीच्या लग्नाचं. एवढ्या सगळ्या वर्षांत भूकंपानं वडशात फक्त एकाच घराचं नुकसान केलं, आणि तेही स्वतः न येता. सरांच्या मुलीची दोन स्थळं त्यानं घालवली होती. मुलगी बी.एस्सी. झालेली, खाजगी शाळेत विज्ञान शिकवणारी, हसरी. पहिल्या स्थळाच्या जेवणात सरांनी मुलाच्या बापाला विचारलं होतं, तुमच्या घराच्या भिंती कोणत्या बाजूला कलल्या आहेत. दुसऱ्या स्थळी तर ते मुलाचं घर पाहायला गेले आणि वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी पाहून इतके हळहळले, की मुलाच्या आजीला रात्रभर झोप लागली नाही. दोन्हीकडून एकच निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण बाप सरकलेला आहे.

तिसरं स्थळ चंद्रपूरचं. मुलाचे वडील कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, मुलगा एटापल्लीला सरकारी नोकरीत. माणसं बरी, घर बरं, आणि मुख्य म्हणजे मुलीनं फोटो पाहून काहीच म्हटलं नव्हतं. त्या घरात काहीच न म्हणणं म्हणजे होकार असायचा. वहिनींनी ठरवलं की हे स्थळ जमिनीत गाडू द्यायचं नाही.

मुलगी पाहायचा कार्यक्रम त्यांनी सरांच्या गावी ठेवला, वैनगंगेच्या काठी, गावचं नाटक होतं त्या दिवशी. आमच्याकडे हीच रीत. गावात नाटक असलं की घरोघर पाव्हणे उतरतात, लेकी-जावई येतात, आणि नाटकाच्या निमित्तानं गावातली अर्धी लग्नं जुळतात. संध्याकाळी मुलगी पाहायची, मग सगळ्यांनी मिळून रात्रभर नाटक पाहायचं, सकाळी चहापोह्यांवर निर्णय सांगायचा. निर्णय वाईट असला तरी नाटक तर पाहिलेलं असतं, पाव्हणा फुकट आला असं होत नाही.

त्या नाटकात मी काम करत होतो, म्हणून दुपारीच सरांच्या गावच्या घरी पोचलो. ओसरीवर वहिनी सरांना शपथ घालत होत्या. सरांचा हात लेकीच्या डोक्यावर.

"म्हणा. पाव्हणे बसमध्ये चढेपर्यंत भूकंपाचं नाव काढणार नाई."

"नाई काढणार."

"हादराबी नाई."

"नाई."

"भेगबी नाई. भिंतीकडं पाहाचं नाई. बाक समजावून सांगाचा नाई."

"आता बाक कुठून आला?" सर म्हणाले.

"तुमाले खाटबी चालते," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, तुमी साक्षीदार."

मुलीनं डोक्यावरचा हात तसाच राहू दिला आणि माझ्याकडे पाहून डोळे मिटले. तिच्याकडून शपथ घ्यावी, हे आम्हा कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

संध्याकाळ निर्विघ्न पार पडली. सर इतके गप्प होते की मुलाची आई त्यांना आजारी समजली. मुलगाही तसाच. त्याला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याची आई द्यायची. एटापल्लीला जेवणाचं काय करतो? "मेसमध्ये जेवते." नाटक आवडतं का? "आवडते त्याले." तो फक्त मान हलवायचा, तीही आईचं बोलून झाल्यावर.

नाटकाच्या उद्घाटनाला पुढारी बरेच आले होते आणि प्रत्येकाला माईक हवा होता. त्यामुळे तिसरा अंक उजाडल्यावर सुरू झाला, आणि शेवटचा प्रवेश आला तेव्हा चांगलं ऊन पडलं होतं. पहिल्या रांगेत सर, त्यांच्या शेजारी मुलाचे वडील, मग मुलगा. बायका पलीकडे. मी विधवेची जमीन बळकावून छद्मी हसत उभा. विधवेनं पदर पसरला, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि ती किंचाळली, "धरणीमाये, या पाप्यासाठी दुभंग."

आणि धरणी हलली.

माझी कसम. आधी वाटलं माझेच गुडघे. मग मांडवाचे बांबू करकरले, शेजारच्या घरांवरचे टिन वाजले, माईकनं लांब हूं केलं आणि रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात बसलेला पेटीवाला पेटी तशीच टाकून माझ्या पायाशी वर चढून आला. मग मागून, कडब्याच्या गाडीवर बसलेल्या कोणीतरी मनापासून आरोळी ठोकली.

"वन्स मोर."

अख्ख्या मांडवानं टाळ्या वाजवून ती उचलून धरली. लोकांना वाटलं नाटक कंपनीनं जमीन हलवायची नवीन मशीन आणली. आमच्या नायिकेनं तर लवून नमस्कारही केला.

मी मात्र पहिल्या रांगेकडे पाहत होतो. सरांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ज्याची जन्मभर वाट पाहिली तो पाव्हणा दारात येऊन उभा आहे आणि या म्हणायची सोय नाही, अशी त्यांची दशा. शेजारी मुलाचे वडील मांडी न हलवता म्हणाले, "ब्लास्टिंग असन. आमच्या चंद्रपुरात रोजच हालते."

सरांच्या गळ्यातून एक बारीक आवाज निघाला, उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखा. पण शब्द आला नाही.

तेवढ्यात मोबाईल वाजायला लागले. कोणाची बहीण सिरोंच्याला, तिच्या घरात फळीवरची भांडी खाली आली होती. कोणाचा भाचा बल्लारपूरला, तो घराबाहेर उघड्या अंगानं उभा होता. बघता बघता मांडवाला कळलं की मशीन वगैरे काही नाही. आणि मग ते घडलं, ज्यासाठी एखादा माणूस आयुष्य पणाला लावतो. सगळं गाव सरांकडे वळलं.

"सर, आलं ना जी तुमचं."

"सर, तुमी म्हणत होते तेच ना हे?"

सरपंचांनी माईक काढून सरांच्या हातात दिला. "सर, आता बाजूचं येते का? सांगा लोकायले."

सरांनी माईक हातात घेतला. तो तोंडापर्यंत नेला. बायकांच्या बाजूनं वहिनी त्यांच्याकडे पाहत होत्या, आणि ती नजर मला रंगमंचावरूनही वाचता येत होती. सरांनी माईक खाली केला, ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. लोकांना वाटलं मौनव्रत आहे. दोघा-तिघांनी पायाला हात लावला.

मी मिशी काढून घरी पोचलो तर सर एकटेच राबत होते. पाव्हण्यांसाठी ओसरीवर अंथरलेल्या सतरंज्या त्यांनी गुंडाळल्या होत्या. घर जुनं, मातीच्या जाड भिंतींचं, वर कौलं. तोंडातून शब्द न काढता त्यांनी खाटा ओढून घरामागच्या सांदवाडीत नेल्या, भिंतींपासून लांब, कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यांजवळच्या मोकळ्या जागेत. चूल बाहेर मांडली. घरातल्या म्हाताऱ्या आत्याबाई आत निघाल्या, त्यांना दंड धरून परत आणलं. पाव्हणे आले तेव्हा हसून, हात जोडून, उन्हाकडे बोट दाखवलं.

"किती अदबशीर माणूस आहे," मुलाची आई म्हणाली. "थंडी आहे म्हणून आपल्याले उन्हात बसवून राह्यले."

एका खाटेवर ते तिघं बसले. मध्ये आई, एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला मुलगा, अर्धा खाटेच्या माच्यावर, म्हणजे कडेच्या लाकडावर. सर समोर चहाची कपबशी धरून उभे. वहिनी चुलीजवळ. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आता फक्त पोहे, मग होकार, मग बस. एवढा घाट उतरला की पोरीचं झालं.

मुलाच्या वडिलांनी पोह्यांची प्लेट हातात घेतली आणि पुन्हा सुरुवात केली. "लोकं उगाच घाबरून राह्यले. ब्लास्टिंगच होय थे. मी अख्खी नोकरी खाणीत केली. दगडात भोक पाडते, दारू भरते, आणि उडवते. धक्का लांबवर जाते. याच्यात भूकंपाचं काय आलं? आणि झाला तं झाला, संपला. आता आरामानं आत बसू. काऊन हो सर?"

सरांनी कपबशी दोन्ही हातांनी धरली. कपाळावर घाम. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहत होतो, वहिनी झारा हातात धरून. सरांनी ओठ आत दुमडले. त्यांनी शपथ पाळली.

"काका," मागून आवाज आला. मुलगी पोह्यांवर घालायच्या झणझणीत तर्रीचं भांडं घेऊन उभी होती. "थे ब्लास्टिंग नोहे जी. चंद्रपूरचं ब्लास्टिंग सिरोंच्याचे भांडे पाडत नाई."

"असं?" वडील म्हणाले.

"गोदावरीच्या पट्ट्यात जुन्या भेगा आहेत. त्याच्यातली एखादी सरकली असन. झाला आणि संपला असं नसते. एक सरकली की बाजूच्यांवरचा भार बदलते. काहींचा कमी होते, काहींचा वाढते. दुसरा येईनच असं नाई, पण येऊ शकते. म्हणून बाबानं तुमाले भिंतीपासून दूर बसवलं. थंडीसाठी नाई."

असं म्हणून तिनं काकांच्या पोह्यांवर तर्री वाढली.

वहिनींनी डोळे मिटले होते. सर लेकीकडे असे पाहत होते की कपबशी कलून चहा त्यांच्या धोतरावर ओघळतो आहे, याचा त्यांना पत्ता नव्हता. तिसरं स्थळ, मी मनात म्हटलं. आणि तेही भर उन्हात, पोह्यांसकट.

मुलाच्या वडिलांचा चेहरा लाल झाला. "म्हंजे मी इतके वर्षं खाणीत गवत उपटलं काय?"

"बाबा," मुलगा म्हणाला.

त्याचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. बहुधा त्यालाही तो नवीन असावा, कारण त्यानं घसा खाकरून परत सुरुवात केली. "बाबा, ती बरोबर बोलून राह्यली. आपल्याकडं ब्लास्टिंग दुपारी असते. सकाळी कधी झालं?"

आईच्या हातातला चमचा प्लेटवर वाजला. जन्मापासून ज्याची सगळी उत्तरं तिनं दिली, तो तिला न विचारता बोलला होता, आणि तेही बापाच्या विरोधात, परक्या दारात.

"वा रे वा," ती कडाडली. "अजून हळद नाई लागली, आन् आतापासूनच बायकोची बाजू घेऊन राह्यला?"

बोलून झाल्यावर तिला स्वतःचं बोलणं ऐकू आलं. तिनं तोंडावर हात ठेवला. पण 'बायको' हा शब्द निघून गेला होता, आत्याबाईंपासून शेजारच्या कुंपणापर्यंत सगळ्यांनी तो नीट ऐकला होता. मुलगी तर्रीचं भांडं घेऊन चुलीकडे पळाली. मुलगा माच्यावर जेमतेम टेकलेला होता, तो घाईनं उठला. खाट वडिलांच्या बाजूला कलली, आणि ते, प्लेट सांभाळत, सावकाश हसायला लागले.

सर तसेच उभे. डोळे मोठे, गाल फुगलेले, मानेची शीर ताठ. एकदा खाटेकडे, एकदा लेकीकडे, एकदा गोदावरीच्या दिशेला बघत होते. बस यायला अजून बराच वेळ होता.

वहिनींनी झारा खाली ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि सगळ्या पाव्हण्यांसमोर मोठ्यानं म्हणाल्या, "बोला आता, नाईतं फुटून जासान."